शुभमला मारणारे सर

आमच्या लॅबचे सर रागावले की अहोजाहो करायचे. एरवी त्यांना सगळ्या पोरी 'माय' आणि सगळी पोरं 'बापू'. पण एखाद्यानं डोकं फिरवलं की सर एकदम अदबीनं उभे राहायचे, मान जराशी वाकवायचे आणि म्हणायचे, "आपण थोर आहात. आपल्यापुढं या कंप्युटरची काय औकात?" हे ऐकलं की समजायचं, आज आपलं काही खरं नाही. पहिल्या वर्षाला असताना सरांनी मला 'आपण' म्हणलं, तेव्हा मी खुश झाले होते. वाटलं, कॉलेजात आल्यावर माणसाला इज्जत मिळते. शेजारच्या मैत्रिणीनं कोपर मारून सांगितलं, "येडे, शिव्या घालायलेत तुला."

सर पूर्णेचे. रोज सकाळच्या गाडीनं परभणीला यायचे. अंगात बिनबाह्यांचा स्वेटर, डोक्याला माकडटोपी. परभणीत, एप्रिलमध्ये! झालं होतं असं, की लॅबच्या एसीचा रिमोट कुणीतरी हरवला होता आणि एसी सगळ्यात थंडावर अडकून बसला होता. सर त्याच्याखाली गारठायचे. पण लॅबमधून बाहेर पडल्यावर टोपी काढायची त्यांना आठवण राहत नसे. तसेच चालत स्टेशनला जायचे, त्या मरणाच्या उन्हात. एकदा रसवंतीवाल्यानं विचारलं, "काका, ताप हाय का?" सर म्हणले, "न्हाई, लॅब हाय." आणि पुढं निघाले.

त्यांचा नियम एकच होता. विद्यार्थ्याच्या की-बोर्डाला हात लावायचा नाही, माउसला तर नाहीच. दोन्ही हात पाठीमागं बांधून ते आमच्या खुर्चीमागं उभे राहायचे. आम्ही ओरडायचो, "सर, लाल फुली आली!"

"वाच."

"सर, आत्ताच तर चालत व्हतं."

"वाच."

"सर, मी काहीच केलं न्हाई."

"ते दिसायलंच हाय. वाच."

आणि वाचायचं म्हणजे मनातल्या मनात नाही. उभं राहून, मोठ्यानं, आख्खं वाक्य. आम्ही सगळी खेड्यापाड्यांतली लेकरं, बारावीचा इंग्रजीचा पेपर गाइड पाठ करून काढलेला. एररचं इंग्रजी वाचताना जीभ जागोजागी अडायची. सर मधे एक शब्द बोलायचे नाहीत, खिशातले फुटाणे खात उभे राहायचे. वाक्य संपलं की विचारायचे, "काय म्हणला?" जणू एरर म्हणजे कुणी पाव्हणा आहे आणि तो दारात काहीतरी निरोप सांगून गेलाय.

"सर, तो म्हणला, काहीतरी सापडंना."

"काय सापडंना?"

"लायब्ररी."

"कुठं हुडकायलाय?"

इथं आम्ही एकमेकांकडं बघायचो. "पुन्यांदा वाच," सर म्हणायचे, आणि पुढचा फुटाणा तोंडात टाकायचे. फुली निघाली की मात्र त्यातलेच मूठभर फुटाणे आपल्या हातावर ठेवायचे. त्या फुटाण्यांसाठी आम्ही काय भांडायचो म्हणून सांगू!

एकदा माझे वडील डबा द्यायला कॉलेजात आले. आम्ही पेडगावचे, घरी मेंढरं आणि थोडं वावर. वडिलांनी लॅबच्या काचेतून पाहिलं, तर मी कंप्युटरपुढं हात जोडल्यासारखी उभी राहून इंग्रजीत काहीतरी म्हणतेय आणि माकडटोपीवाला एक माणूस मागं डोळे मिटून ऐकतोय. त्यांनी डबा शिपाईमामाकडं ठेवला आणि गुपचूप निघून गेले. घरी जाऊन आईला सांगितलं, "पोरगी कंप्युटरम्होरं देवाचं काहीतरी म्हणायलीय. आपुन मधी बोलू न्हाई."

कुणी अगदी रडकुंडीला आलं, 'सर, एकदाच हात लावा ना' म्हणलं, तर सरांचं उत्तर ठरलेलं असायचं. "म्या हात लावला की चालतंय. म्या उठलो की बंद पडतंय. मंग म्या काय तुमच्यासंगं सासरी येऊ?" हे ते पोरांनाही म्हणायचे. पोरं लाजायची.

ही लाल फुली म्हणजे काय, तेही सरांनीच सांगितलं होतं, आणि पुस्तकातलं एक अक्षर न वापरता. जावा या कंप्युटरच्या भाषेतलं प्रोजेक्ट चालायला दुसऱ्यांनी आधीच लिहून ठेवलेल्या तयार फायली लागतात, त्यांना जार म्हणतात. त्या जार कुठं ठेवल्यात, तो रस्ता प्रोजेक्टला दाखवावा लागतो. त्या रस्त्याचं नाव बिल्ड पाथ. रस्ता चुकला की प्रोजेक्टच्या नावावर लाल फुली बसते आणि मग तुम्ही किती का चांगलं लिहिलेलं असंना, ते चालत नाही.

"माझा बाप रेल्वेत सांधेवाला व्हता, पूर्णेला," सर म्हणाले होते. "रूळ इकडचे तिकडं करायचं त्याचं काम. पूर्णेत एक गाडी नांदेडला जाती, एक अकोल्याला जाती. आता इंजन चांगलं, डबे चांगले, डायवर शुद्धीत. तरी बी सांधा चुकला तर नांदेडची गाडी अकोल्याला. मंग नांदेडचा पाव्हणा अकोल्याला उतरून सासुरवाडी हुडकत बसतो. तुमची प्रोजेक्टं तशी हायेत. इंजनाला शिव्या देऊ नका. सांधा बगा."

एवढं स्वच्छ मला नंतर पुण्यात नोकरीला लागल्यावरही कुणी सांगितलं नाही, आणि तिथं सांगणाऱ्यांचे पगार विचारू नका.

आता शुभमबद्दल सांगते. आमच्या जिल्ह्यात शेवटच्या वर्षाचं प्रोजेक्ट कुणी लिहीत नसे, ते पेनड्राइव्हवरून येत असे. कुठल्या तरी जुन्या काळी, कुठल्या तरी कॉलेजातल्या शुभम नावाच्या पोरानं दवाखान्याचं एक सॉफ्टवेअर बनवलं होतं. कोण शुभम, कुठला शुभम, देवाला ठाऊक. पण त्याचा दवाखाना पेनड्राइव्हवर बसून गावोगाव फिरला. दर वर्षी पोरं नुसती नावं बदलायची. कुणी त्याचं हॉटेल केलं, कुणी ग्रंथालय, कुणी कृषी सेवा केंद्र. मी त्याचा मेंढीबाजार केला. रुग्णाच्या जागी मेंढी टाकली. सगळीकडं बदलायचा मात्र कंटाळा केला. त्यामुळं वर 'मेंढीची नोंदणी' आणि खाली 'पतीचे नाव', 'व्यवसाय', 'याआधी कुठे उपचार घेतले' हे रकाने तसेच राहिले.

अडचण एवढीच होती, की शुभमनं जारच्या फायली आपल्या डेस्कटॉपवरच्या एका फोल्डरात ठेवल्या होत्या आणि प्रोजेक्टला पत्ता तोच दिला होता. प्रोजेक्ट आपल्या कंप्युटरवर टाकलं की ते बिचारं शुभमच्या डेस्कटॉपवर जाऊन दार वाजवायचं. तिथं शुभमच नाही, तर दार कोण उघडणार? आली लाल फुली. याला उपाय लय सोपा. जार आपल्या प्रोजेक्टच्या आत आणायच्या, बिल्ड पाथमधला जुना पत्ता काढायचा आणि नवा द्यायचा. पाणी पिऊन येईपर्यंतचं काम. पण त्यासाठी एरर वाचावा लागतो.

आमच्या आधीच्या पोरांनी त्यातला 'शुभम' एवढाच शब्द वाचला. आणि काय करावं त्यांनी? लॅबच्या प्रत्येक कंप्युटरवर शुभम नावाचं खातं उघडलं! खरं तर नुसतं त्या नावाचं फोल्डर केलं असतं तरी भागलं असतं. पण आमची लेकरं अर्धवट काम करत नसतात, त्यांनी आख्खा शुभम जन्माला घातला. त्याला डेस्कटॉप दिला, डेस्कटॉपवर तेच फोल्डर, फोल्डरात पेनड्राइव्हवरच्या त्याच जार. कंप्युटर सुरू करताना शुभम होऊन आत जायचं, की प्रोजेक्ट पळायलंच. पोरी शुभम, पोरं शुभम. एका वर्षी बाहेरच्या परीक्षकांनी विचारलं म्हणे, "हा शुभम कोण?" तर एक पोरगा उठून म्हणला, "सर, आमच्या लॅबचं नाव हाय." परीक्षकांनी मान डोलावली आणि मार्क दिले.

सरांना हे सगळं दिसत होतं. ते धुसफुसायचे, 'श्रीमान शुभम यांच्या कृपेनं' असं काहीबाही पुटपुटायचे, आणि परीक्षेपुरतं सोडून द्यायचे. पोरं पास होतायत तर होऊ द्या, असं त्यांनाही वाटत असणार.

मग एक दिवस तो फोन आला. आमच्या पुढच्या वर्गातला झरीचा एक पोरगा पास होऊन पुण्याला कंपनीत लागला होता. गावात अभिनंदनाचा फलक लागला होता त्याचा. पहिल्या दिवशी त्याला लॅपटॉप मिळाला, काम मिळालं आणि लाल फुली मिळाली. त्यानं तिथल्या साहेबाला विचारलं, "सर, यावर शुभमचं खातं काढून देता का?" साहेब म्हणला, "शुभम कोण?" आता काय सांगणार? त्या लेकराला खरंच वाटत होतं, की जावा म्हणलं की शुभम लागतोच. तो संडासात गेला आणि तिथून त्यानं सरांना फोन लावला.

आम्ही लॅबमध्येच होतो. सर ऐकत राहिले. मग म्हणले, "बापू, वाच." थोड्या वेळानं म्हणले, "रडू नकू. काय म्हणला तेवढं सांग." पण तिकडून नुसतं रडणं येत होतं, ते आम्हालाही ऐकू आलं. त्याच रात्रीच्या गाडीनं तो पोरगा झरीला परत आला. कंपनीनं काढलं का तोच निघून आला, कुणी विचारलं नाही. फलक मात्र अजून चौकात होता, आणि तो पोरगा त्या चौकातून जायचं टाळायचा.

फोन ठेवल्यावर सर खुर्चीत बसून राहिले. कुणाला 'वाच' म्हणले नाहीत, कुणाला 'आपण' म्हणले नाहीत. मला त्यांची भीती वाटली आणि लय वाईटही वाटलं.

दुसऱ्या दिवशी आम्ही लॅबमध्ये आलो, तर एकाही कंप्युटरवर शुभम नाही. सरांनी सगळे शुभम पुसून टाकले होते, डेस्कटॉपसकट. नवीन खातं काढायचा पासवर्डही बदलला होता. आधीचा कॉलेजचं नाव आणि पुढं एक-दोन-तीन असा होता, तो चहावाल्यालाही पाठ होता. फळ्यावर सरांच्या अक्षरात लिहिलेलं होतं: 'शुभम वारला. ज्यांना सुतक पाळायचं त्यांनी पाळावं. परीक्षा पुढच्या आठवड्यात आहे.'

काय बोंब झाली म्हणता! पोरं चिडली, पोरी रडल्या. मीही रडले, कारण माझा मेंढीबाजार उठला होता. सगळ्यांत पुढं होता संस्थेच्या अध्यक्षांचा पुतण्या. तो आमच्याच वर्गात होता. आम्ही त्याला 'धाकले साहेब' म्हणायचो. वाईट नव्हता पोरगा. बुलेटवर यायचा, एसीच्या बरोबर खाली बसायचा आणि झोपायचा. आयुष्यात त्याला कुणी स्वतः काही करू दिलेलंच नव्हतं. बारावीसुद्धा त्याच्याकडून कशी पास झाली, ते त्यालाही सांगता आलं नसतं. तो सगळ्यांना घेऊन प्राचार्यांकडं गेला. प्राचार्यांनी सरांना तिथंच, आमच्यासमोर बोलावलं.

"सर, तुमचं जे काही असंल ते असंल," प्राचार्य म्हणाले. "बाकीच्यांचं मी बघून घेतो. पण अध्यक्षसाहेबांच्या घरचं लेकरू हाय. परीक्षेत त्याच्या प्रोजेक्टवर फुली राहिली, तर जूनमधी तुमची ऑर्डर निघायची न्हाई."

सर दर वर्षाच्या ऑर्डरवर होते. जूनमध्ये कागद निघाला तर नोकरी, नाही निघाला तर घर.

आणि घरी काय होतं, ते मला शिपाईमामांनी सांगितलं. सरांच्या वडिलांना, त्या सांधेवाल्या आजोबांना, अर्धांगवायू झालेला होता. ते सरांच्या हातचंच खायचे. सुनेनं घास पुढं केला तर ताट ढकलून द्यायचे, आणि ती बिचारी काही वाईट करत नव्हती. म्हणून सर दुपारच्या गाडीला असे पळत जायचे, टोपीसकट. परभणीत दुसरीकडं जागा नव्हती. हैदराबादला त्यांचा एक मित्र बोलवत होता, पगारही बरा होता. पण हैदराबादहून दुपारचा घास कोण आणून भरवणार? ही ऑर्डर गेली, तर सरांना म्हाताऱ्याला टाकून जावं लागणार होतं. एवढं सगळं त्या एका लाल फुलीवर येऊन टेकलं होतं.

मला लय राग आला. सरांचाच! अहो, एका मिनिटाचं काम. उजवं क्लिक करा, रस्ता बदला, मोकळे व्हा. मी लॅबमध्ये जाऊन तोंडावर सांगितलं, "सर, बाकी कुणाचं नका करू. धाकल्या साहेबाचं तेवढं करून ठिवा. कुणाला कळायलंय?"

"त्याला कळंल ना," सर म्हणले.

"त्याला काय फरक पडायलाय?"

"झरीच्या लेकराला बी काही फरक पडत नव्हता, माय. परीक्षेपुरतं म्हणून सोडलं म्या. आता ते चौकातून जाईना गेलंय."

मग त्यांनी दस्तीनं चष्मा पुसला आणि म्हणाले, "तुझी मेंढरं कुठपर्यंत आली? वाच."

त्या आठवड्यात आमची लॅब म्हणजे पहिलीचा वर्ग झाली होती. एकाच वेळी सगळे उभे राहून आपापला एरर मोठ्यानं वाचायलेत. बाजूच्या वर्गातले मराठीचे सर दोनदा भांडून गेले. माझी फुली निघाली तेव्हा मी अशी किंचाळले, की शिपाईमामा झाडू घेऊन धावत आले, त्यांना वाटलं साप निघाला. एकेकाची फुली निघत गेली. सरांनी कुणाच्या माउसला बोट लावलं नाही. फक्त धाकले साहेब आले नाहीत. निरोप पाठवला तर म्हणाले, "माझं सर करतेल. करावंच लागतंय त्येंना."

परीक्षेच्या दिवशी बाहेरचे परीक्षक आले. त्यांना जेवणाची घाई होती, हे त्यांच्या नाकावरून कळत होतं, कारण मेसमधून वांग्याच्या भाजीचा वास येत होता. माझ्या पडद्यावर त्यांनी 'मेंढीच्या पतीचे नाव' वाचलं, माझ्याकडं एकदा पाहिलं आणि सही केली. सगळ्यांची प्रोजेक्टं चालली. शेवटी ते एसीखालच्या कंप्युटरपाशी आले. प्राचार्य सोबत होते.

पडद्यावर लाल फुली. धाकले साहेब आरामात मागं वळून सरांकडं पाहायलेत.

"सर, जरा बघा हो," प्राचार्य गोड आवाजात म्हणाले. "काहीतरी टेक्निकल दिसतंय."

सर आले आणि खुर्चीमागं उभे राहिले. हात पाठीमागं. मी त्यांच्या मागच्याच रांगेत होते. मला त्यांचे हात दिसत होते. एका हातानं दुसऱ्या हाताचं मनगट इतकं घट्ट धरलं होतं, की बोटं पांढरी पडली होती. मी मनात म्हणलं, सर, लावा हो हात, तुमच्या पाया पडते.

"वाच, बापू," सर म्हणले.

धाकल्या साहेबानं प्राचार्यांकडं पाहिलं. प्राचार्य खोकले, डोळ्यांनी सरांना खुणावू लागले. सर पडद्याकडं पाहत होते.

"वाच. भिऊ नकू. चावत न्हाई ते."

काय झालं कुणास ठाऊक, तो पोरगा उभा राहिला. आणि वाचू लागला. एक एक अक्षर जुळवत, घाम पुसत. मागून कुणीतरी फिसकन हसलं. सर गर्रकन वळले, मान वाकवून म्हणाले, "आपण थोर आहात." हसणारा जागेवर मेला. धाकल्या साहेबानं वाक्य संपवलं.

"काय म्हणला?"

"लायब्ररी सापडंना म्हणला."

"कुठं हुडकायलाय?"

"शुभमकडं."

"शुभम कुठं हाय?"

"वारला."

"अरेरे!" परीक्षक दचकून म्हणाले. "कधी?"

"न्हाई न्हाई साहेब, तसं काही नाही," प्राचार्य म्हणाले.

"मंग आता?" सरांनी विचारलं.

पोरगा लय वेळ पडद्याकडं बघत उभा राहिला. परीक्षकांनी घड्याळ पाहिलं. "मंग," तो हळूच म्हणला, "त्याच्याकडं कामून हुडकायचं? आपल्याच घरात ठिवलं पायजे."

"ठिव मंग."

तो बसला. पेनड्राइव्हवर जार कुठं आहेत ते शोधलं, आपल्या प्रोजेक्टमध्ये आणल्या. एकदा चुकीच्या जागी टाकल्या, परत काढल्या. बिल्ड पाथ उघडला, नको ते दाबलं, बंद झालं, परत उघडला. सरांचे हात पाठीमागंच. जुना पत्ता काढला, नवा दिला, आणि फुली गेली. पडद्यावर 'गुरांचा दवाखाना' उघडला. पोरगा खुर्चीतून उडालाच. "निघाली, च्यायला!" असं बाहेरच्या परीक्षकांच्या कानात ओरडला. सरांनी मनगट सोडलं आणि खिशात हात घातला, पण त्या दिवशी फुटाणे आणायला विसरले होते.

आम्हाला वाटलं, झालं, सुटले सर. कुठलं काय! प्राचार्यांचं तोंड कडू झालं होतं. साहेबांच्या घरच्या पोराला चारचौघांत अक्षरं जुळवायला लावली, ही बातमी संध्याकाळच्या आत अध्यक्षांच्या बंगल्यावर गेली. दुसऱ्या दिवशी सकाळीच अध्यक्षांची पांढरी गाडी कॉलेजच्या दारात. सरांना प्राचार्यांच्या खोलीत बोलावलं, पुतण्यालाही. आम्ही आख्खा वर्ग व्हरांड्यात, खिडकीला चिकटून उभे.

अध्यक्षांनी सरांकडं पाहिलंसुद्धा नाही. पुतण्याला विचारलं, "काय रे, ह्येनं तुझा अपमान केला म्हणे?"

"न्हाई काका."

"मंग?"

"सर म्हणले वाच. म्या वाचलं. मंग चाललं."

"कुणी चालवलं?"

"म्या."

"तू?"

"हाव. सर निस्ते मागं उभे व्हते. कुणी हात लावला न्हाई, इच्यारा ह्येंना." त्यानं प्राचार्यांकडं बोट केलं. मग आवाज जरा चढवून म्हणला, "काका, आजवर सगळ्यांनी माझं करून दिलं. ह्येनी एकट्यानं मला करू दिलं. ह्येंना काढलं तर म्या बी कॉलेजात पाय ठेवणार न्हाई."

"तुझं तर कॉलेज संपलंय," अध्यक्ष म्हणाले.

"मंग घरात ठेवणार न्हाई!"

अध्यक्ष पुतण्याकडं असं पाहत राहिले, जणू घरातलं पोरगं त्यांना पहिल्यांदाच दिसलं. मग प्राचार्यांना म्हणाले, "आमच्या घरात आजवर कुणी सोताच्या हातानं चहा केला न्हाई. ह्येनं काय केलं म्हणायलाय ते मला कळत न्हाई, पण केलं म्हणतो तर केलं असंल. सरांची ऑर्डर काढा. आजच काढा." आणि जाता जाता, दारात थांबून, "सर, आमच्या धाकट्या भावाचं लेकरू औंदा पहिल्या वर्षाला येतंय. तेवढं त्याच्यामागं बी उभे राव्हा."

सर बाहेर आले. आम्ही सगळ्यांनी त्यांना घेरलं.

"राहिली का सर नोकरी?"

"राहिली."

"मंग तोंड असं कामून?"

"आजून एक पुतण्या हाय," सर म्हणाले, आणि तिथंच व्हरांड्याच्या कठड्यावर बसले.

आम्ही हसत सुटलो. सरही हसले, पण हसता हसता त्यांचे डोळे भरून आले आणि त्यांनी ते लपवले नाहीत. त्यांनी मोबाइल काढून घरी फोन लावला. बायकोला म्हणाले, "बाबाच्या कानाला लाव." आजोबांना ऐकू कमी येत असणार, कारण पुढचं सर असे ओरडले, की आख्खं कॉलेज वर्गांतून बाहेर आलं आणि अध्यक्षांची निघालेली गाडीही थांबली.

"बाबा! राहिली! ऑर्डर राहिली म्हणलं! न्हाई जात! हैदराबादला न्हाई जात!"

तिकडून काहीतरी विचारलं गेलं. सरांनी दस्ती तोंडावरून फिरवली आणि ते पुन्हा ओरडले.

"हाव बाबा! आजच न्हाई, रोज! रोज येतो जेवायला!"